भोक एवढंसं, सल्ले एवढाले

(समोरच्या काचेवर पाणी उडत नसेल तर नवशिक्यांनी घरच्या घरी काय करावं, याची सचित्र नसलेली मार्गदर्शिका)

ज्यांनी गाडीच्या बॉनेटखालचा भाग आजवर फक्त मेकॅनिकच्या खांद्यावरून डोकावून पाहिला आहे आणि त्या वेळीही "हं, बरोबर" एवढंच म्हटलं आहे, अशा वाचकांसाठी ही मार्गदर्शिका आहे. इंजिन, क्लच, गिअरबॉक्स यांना हात लावण्याची आपली प्राज्ञा नाही, हे अशा माणसाला पक्कं ठाऊक असतं. पण काचेवर पाणी उडवणारं ते टीचभर नोझल? त्यात काय आहे! एक टाकी, एक मोटर, चार हात नळी आणि शेवटी एक भोक. रविवारी सकाळी खाली उतरावं आणि पोहे होईपर्यंत उरकून वर यावं. घोळ इथूनच सुरू होतो.

तक्रार सगळ्यांची एकाच शब्दांत असते : "वायपरचं पाणी येत नाही." वर्षातले बरेच महिने ती कुणाच्या लक्षातही येत नाही. लक्षात येते ती जूनमध्ये, मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर, पुढच्या ट्रकनं उडवलेला राडा काचेवर बसतो तेव्हा. तुम्ही दांडी ओढता. पाणी येत नाही. वायपर मात्र इमानेइतबारे दोन फेऱ्या मारतो आणि ठिपक्याठिपक्यांचा चिखल सबंध काचेवर छान सारवून देतो. किंवा ऊसपट्ट्यातून रात्रीचं गाडी चालवताना काचेवर किडे फुटतात आणि समोरून येणाऱ्या ट्रॅक्टरचे दिवे त्या डागांवर पसरतात तेव्हा. कोकणात तांबडी धूळ तेच काम करते. तेव्हा "घरी गेल्यावर बघू" असं आपण ठरवतो, आणि घरी गेल्यावर काच फडक्यानं पुसून मोकळे होतो.

धडा पहिला : टाकीत पाणी आहे का, ते बघा

हसू नका. "पाणी येत नाही" म्हणून गॅरेजमध्ये गेलेल्या गाड्यांपैकी कितीतरी गाड्यांच्या टाक्या नुसत्या कोरड्या असतात. मेकॅनिकही भला माणूस असतो. तो तसं तोंडावर सांगत नाही, गाडी आत घेतो, पाणी भरतो आणि "सर्व्हिसिंग केलंय साहेब" म्हणतो.

टाकी बघायची तर आधी बॉनेट उघडायला हवं. आतली खिट्टी बहुतेक गाड्यांत ड्रायव्हरच्या उजव्या गुडघ्याखाली असते. ती ओढली की बॉनेट बोटभर उचकतं आणि तिथंच अडतं. याला बिघाड समजू नका. फटीत बोटं घातली की दुसरी खिट्टी लागते, ती चालत्या गाडीचं बॉनेट उघडून काचेवर आपटू नये म्हणून असते. ती चाचपताना नवशिक्याची जी बोटं चालतात ती पाहून वॉचमन पुढं येतो आणि "सरका साहेब" म्हणून एका झटक्यात बॉनेट वर करतो. त्याचे आभार माना. तो आता दुपारपर्यंत तिथून हलणार नाही.

आत तुम्हाला एकाहून जास्त झाकणं दिसतील. आपलं झाकण बहुधा निळं किंवा काळं असतं आणि त्यावर काचेचं आणि फवाऱ्याचं चित्र असतं. बाकीची झाकणं आपली नाहीत. हे फारच उघड वाटतं, पण कूलंटच्या टाकीत शाम्पूचं पाणी ओतणारे हौशी लोक दर उन्हाळ्यात निपजतात. ब्रेक ऑइलची डबी काचेच्या जवळ असते, लहानशी. त्यात पाणी गेलं असेल तर थट्टा तिथंच थांबवा. गाडी जागची हलवू नका, मेकॅनिकला बोलवा. पाणी मिसळलेलं ब्रेक ऑइल तापलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि पाय दाबला तरी ब्रेक लागत नाही. आणि इंजिन गरम असताना रेडिएटरचं किंवा कूलंटचं झाकण उघडू नका. आत दाबाखाली उकळतं पाणी असतं.

धडा दुसरा : कान द्या

आता एक माणूस गाडीत हवा आणि एक बाहेर. गाडीत घरातलं कुणीही चालेल, फक्त त्याला दांडी कुठली ते आधी सांगा. आपल्याकडच्या मारुती, ह्युंदाई, टोयोटा यांत वायपरची दांडी स्टिअरिंगच्या डाव्या हाताला असते. फोक्सवॅगन, स्कोडा यांत उजव्या हाताला. हे न सांगितल्यास पुढचा संवाद असा होतो.

"बाबा, दाबू का?"

"दाबू नको, ओढ. स्वतःकडं ओढ."

"ओढली."

"अगं, तो इंडिकेटर आहे."

"मग पाणी कुठलं?"

"दुसऱ्या हाताची! आणि थांब, बॉनेट उघडं आहे, वायपर—"

एवढ्यात वायपर उठतो आणि उघड्या बॉनेटच्या कडेला खाडकन आपटतो. पाण्याबरोबर वायपर आपोआप फिरतात हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण या क्षणी आठवत नाही. तेव्हा चाचणी बॉनेट मिटून घ्या. इंजिन बंद, फक्त चावी पुढं. वायपर कोरड्या काचेवर फिरू नयेत म्हणून काचेवर आधी तांब्याभर पाणी ओता, कारण कोरडी धूळ आणि रबर मिळून काचेला कायमचे ओरखडे देतात. बाहेरच्या माणसानं नोझलवर वाकून "येतंय का" ते बघू नये. येतं तेव्हा ते डोळ्यात येतं.

बघायचं नाही, ऐकायचं आहे. दांडी ओढल्यावर पुढून कुठूनतरी बारीक घर्रर्र आवाज आला, तर मोटर जिवंत आहे आणि पाणी वाटेत कुठंतरी अडलं आहे. काहीच आवाज नसेल तर तुमचं भोक निर्दोष आहे, त्याच्यात सुया खुपसू नका. फ्यूज गेला असेल, मोटर जळली असेल किंवा दांडीतला स्विच बिघडला असेल. फ्यूज कुठला ते गाडीच्या पुस्तकात असतं. जेवढ्या अँपिअरचा होता तेवढ्याच अँपिअरचा नवा घाला. सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून फ्यूज "चालू" करण्याची विद्या अवगत असेल, तर ती विसरून जा. बचत होते ती दोन-चार रुपयांची आणि जळते ती वायरिंग.

मागच्या काचेलाही पाणी असलेली गाडी असेल तर एक सोपी तपासणी आहे. अशा बऱ्याच गाड्यांत मोटर एकच असते. ती सुलट फिरली की पाणी पुढं, उलट फिरली की मागं. मागं पाणी येतंय आणि पुढं येत नाही, म्हणजे टाकीत पाणी आहे आणि मोटरही फिरते आहे. अर्धं निदान बसल्या जागी झालं.

आवाज येतो आहे म्हणून दांडी धरून बसू नका. या मोटरला आतून थंड ठेवणारं पाणीच असतं. कोरड्या टाकीवर "येईल, येईल" म्हणत मिनिटभर दांडी ओढून धरली, की मग खरोखरच काही येत नाही.

सल्लागार मंडळ

बॉनेट उघडं दिसलं की सोसायटीत सल्लागार मंडळ भरतं. त्याला नोटीस लागत नाही, कोरमही लागत नाही. पहिले येतात तिसऱ्या मजल्यावरचे काका, सकाळच्या पेपरासकट.

"काय रे, काय झालं?"

"काही नाही काका, वायपरचं पाणी येत नाहीये."

"सुई घाल."

"हो, पण आधी कुठं अडलंय ते—"

"अरे, सुई घाल म्हणतो ना! आमच्या फियाटला मी दाभण घालायचो."

दाभण. गोणपाटाची तोंडं शिवायचं दाभण. त्यावर दुसऱ्या विंगचे निवृत्त इंजिनिअर टूथपिक सुचवतात, कारण लाकूड मऊ आणि नोझल सुरक्षित. वॉचमनचं मत तारेकडं झुकतं. कुणीतरी सेफ्टी पिन काढून देतं. "अडलंय कुठं?" हा प्रश्न मात्र मंडळापुढं येत नाही, कारण त्याला हत्यार लागत नाही.

आता या हत्यारांचा थोडक्यात हिशोब. भोक मिलिमीटरभराच्या आतबाहेरचं. दाभण त्यात जात नाही, गेलं तर भोक भोक राहत नाही. टूथपिकचं टोक आत मोडतं, मग पाण्यानं फुगतं आणि अगदी घट्ट बुचासारखं बसतं. शिवणाची सुई पोलादी, कडक. ती वाकत नाही, तुटते, आणि तुटलेलं टोक गंजून आतच राहतं. शिवाय ही सगळी हत्यारं बाहेरून आत जातात. म्हणजे भोकाच्या तोंडाशी असलेली घाण आपण स्वहस्ते नळीत ढकलतो, आणि पुढच्या वेळी पाणी तीच घाण परत तोंडाशी आणून ठेवतं. सुई घातल्यावर पाणी एकदा उडतं आणि आठवड्यात पुन्हा बंद पडतं, त्याचं कारण हे.

काही घालायचंच असेल तर जुन्या वायरमधली तांब्याची एकच बारीक तार घ्या. ती मऊ असते, ओरखडत नाही, अडली तर वाकते. आत-बाहेर दोनदा, हलक्या हातानं, बस.

पण त्याआधी नोझल कुठल्या जातीचं आहे ते बघून घ्या. एका प्रकारात भोकाभोवती एक बारीक गोळी असते. ती फिरते, म्हणजे धार कुठं पडावी ते ठरवता येतं. अशा नोझलमध्ये तार चालते. दुसऱ्या प्रकारात बारीक धार नसतेच, काचेवर एकदम पसरट फवारा येतो. त्यात हलणारा एकही भाग नसतो. आतल्या खाचा अशा कोरलेल्या असतात की पाणी आपोआप डावी-उजवीकडं झुलत बाहेर पडतं. माणसानं बनवलेल्या छोट्या वस्तूंमध्ये मला ही फार हुशारीची वाटते, आणि म्हणूनच तिच्यात सुई खुपसणाऱ्याचा राग येतो. त्या खाचेला ओरखडा पडला की फवारा कायमचा तिरका होतो. मग तुमची काच कोरडी आणि शेजारून जाणारा रिक्षावाला ओला.

खरा आरोपी

सल्लागार मंडळ जेवायला गेलं की हे वाचा.

भोक कशानं बंद होतं? धुळीनं थोडंफार होतं. गाडी पॉलिश करणाऱ्या पोऱ्यानं मेण चोळताना भोकातही भरलं, तर त्यानं होतं. ते वरूनच पांढरं दिसतं आणि गरम पाण्यात भिजवलेल्या फडक्यानं निघतं. पण आपल्याकडच्या बहुसंख्य भोकांचा खून आपण टाकीत ओतलेल्या पाण्यानं झालेला असतो.

दख्खनच्या काळ्या पाषाणातून बोअरनं उपसलेलं पाणी अनेक ठिकाणी जड असतं, म्हणजे त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात. पिण्याच्या पाण्यासाठीच्या आयएस १०५०० या भारतीय मानकात ही कठीणता लिटरमागे २०० मिलिग्रॅमपर्यंत स्वीकारार्ह धरली आहे, आणि पाण्याचा दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतली आहे. हिशोब करून बघा. ६०० मिलिग्रॅमचं पाणी दोन लिटरच्या टाकीत भरलं तर त्यात १.२ ग्रॅम क्षार झाले. काचेवर उडून जाणारं पाणी आपले क्षार घेऊन जातं, पण दर वेळी शेवटचा एक थेंब भोकातच राहतो. उन्हात बॉनेट तापतं, खालून इंजिन तापवतं, थेंबातलं पाणी उडून जातं आणि क्षार मागं राहतात. बाथरूममधल्या शॉवरच्या भोकांवर जे पांढरं पुट चढतं ते आणि हे, एकच. दर थेंबागणिक एक थर. तुमच्या नोझलमध्ये दगड बनतो आहे आणि त्याला तुम्ही सुईनं टोचता आहात.

त्यात काही घरांतला काटकसरीपणा भर घालतो. पाणी शुद्ध करणाऱ्या आरओ यंत्रातून जे नको असलेलं पाणी वाहून जातं, ते आपण बादलीत धरतो. धरावंच. फरशी पुसा, संडास धुवा. पण त्या पाण्यात मूळ पाण्यातले जवळजवळ सगळे क्षार एकवटलेले असतात, कारण ते काढून टाकण्यासाठीच तर यंत्र आहे. तेच पाणी "एवढं स्वच्छ दिसतंय" म्हणून वायपरच्या टाकीत ओतायचं, म्हणजे क्षारांना हातानं धरून भोकापर्यंत नेऊन सोडायचं.

आणि मग साबण. किसलेला अंगाचा साबण जड पाण्यात घातला तर फेस होत नाही, साका होतो. तो चिकट, पांढरट साका टाकीच्या तळाशी बसतो आणि तिथून मोटरच्या जाळीत. शाम्पूची एक रुपयाची पुडी तेवढी वाईट नाही. साका कमी होतो, पण केस मऊ करण्यासाठी त्यात जे जे घातलेलं असतं ते काचेवर बसतं आणि रात्री समोरच्या दिव्यांत काच दुधाळ दिसते. भांड्यांचं लिक्विड घालायचंच तर थेंब मोजून दोन. सुखी संसारात "अजून थोडं घाल" या वाक्यानं जेवढी भांडणं मिटतात तेवढ्याच नळ्या तुंबतात.

मग घालायचं काय? दुकानात वायपरच्या टाकीसाठी वेगळं द्रावण मिळतं, ते बाटलीवर लिहिलंय तेवढ्याच प्रमाणात. पाणी इन्व्हर्टरच्या बॅटरीसाठी मिळणारं डिस्टिल्ड. तेही विकत घ्यायचं जिवावर येत असेल, तर घरातल्या एसीच्या नळीतून टपकणारं पाणी धरा. ते हवेतल्या बाष्पाचं झालेलं असल्यानं त्यात क्षार जवळपास नसतात. एसीच्या आतली धूळ आणि जाळीवरचा मळ मात्र त्यात येतो, म्हणून दुहेरी फडक्यातून गाळून घ्या आणि साठवून ठेवू नका. मे महिन्यात एका रात्रीत टाकी भरेल एवढं जमतं. फुकट मिळालेलं आणि तरी चांगलं, असं पाणी शहरात आता एवढंच उरलं आहे.

नुसतं पाणी महिनोन्‌महिने टाकीत कुजवत ठेवण्याबद्दल एक गंभीर गोष्ट. २०१० साली इंग्लंडमधल्या सार्वजनिक आरोग्य संशोधकांनी दाखवून दिलं, की लीजनेअर्स नावाच्या न्यूमोनियाचा धोका टाकीत द्रावण न घालता नुसतं पाणी वापरणाऱ्या चालकांमध्ये जास्त दिसतो. या आजाराचे जंतू कोमट, साचलेल्या पाण्यात वाढतात आणि तुषारांबरोबर श्वासात जातात. बॉनेटखालची टाकी कोमट असते, साचलेली असते, आणि तिचा धंदाच तुषार उडवण्याचा.

साहित्य

पांढरं व्हिनेगर, चायनीज करण्यासाठी आणलेलं आणि कपाटात मागं गेलेलं. किंवा लिंबूसत, चमचाभर. लिंबू नको. लिंबाच्या रसात गर असतो आणि गर भोकात अडकतो. शिवाय महागाईत लिंबू गाडीला पाजलेलं घरात कुणाला आवडत नाही. औषधाच्या दुकानातून वीस मिलिलिटरची सिरिंज, सुईशिवाय. "सुई नको" म्हटल्यावर दुकानदार जरा निरखून बघतो, बघू द्या. जुना टूथब्रश. एक वाटी, जी पुन्हा स्वयंपाकघरात जाणार नाही. हे वाटी घेण्याआधी ठरवा.

कृती

नोझलला मागून आलेली नळी काढा. ती जुनी असेल तर कडक झालेली असते. ओढाताण केली की नळी सुटत नाही, नोझलचं टोक मोडतं. गरम पाण्यात भिजवलेलं फडकं दोन मिनिटं गुंडाळून ठेवा, मग हळूहळू पिळत काढा. बॉनेटच्या आतलं कापड काढावं लागलं तर त्याच्या क्लिपा जपून काढा. उन्हानं त्यांचं आयुष्य आधीच संपलेलं असतं, तुम्ही फक्त निमित्त होता.

आता सुटी नळी एका बाटलीत धरा आणि गाडीतल्या माणसाला दांडी ओढायला सांगा. वायपर आणि अर्धवट मिटलेलं बॉनेट यांचं आधी बघून घ्या. बाटलीत धो-धो पाणी आलं, तर दोष नोझलचा. नुसतं ठिबकलं, तर दोष मागं कुठंतरी. सल्लागार मंडळानं सकाळपासून जे विचारलं नाही, त्याचं उत्तर या एका बाटलीत मिळतं.

दोष नोझलचा निघाला तर ते आतून खिट्ट्या दाबून वर काढा आणि वाटीत व्हिनेगर आणि पाणी निम्मंनिम्मं घालून त्यात बुडवा. लिंबूसत असेल तर ग्लासभर कोमट पाण्यात चमचाभर. थोड्या वेळानं भोकातून बारीक बुडबुडे निघायला लागतात. क्षार विरघळताना निघणारा तो कार्बन डायऑक्साइड. बुडबुडे थांबले की काम झालं असं नाही, वरचा थर गेला असं. रात्रभर राहू द्या. सकाळी सिरिंज नोझलच्या बाहेरच्या तोंडाला लावून स्वच्छ पाणी उलटं ढकला, म्हणजे घाण आली त्याच वाटेनं परत जाईल. मागच्या बाजूनं आधी पांढरी भुकटी, मग एखादा करड्या रंगाचा पापुद्रा पडतो. तो वाटीत तरंगताना पाहून जो आनंद होतो तो काकांना सांगू नका, ते म्हणतील सुईनं लगेच निघाला असता.

नोझल निघत नसेल तर जागेवरच सिरिंजनं व्हिनेगर सोडा आणि तासाभरानं भरपूर पाण्यानं धुवा. आम्ल बॉनेटच्या रंगावर वाळू देऊ नका. आणि व्हिनेगरमध्ये ब्लीच किंवा संडास साफ करायचं काहीही मिसळू नका. त्यातून विषारी वायू निघतो.

हवेनं फुंकून काढायची कल्पना वाईट नाही, पण दम बेतानं. पंक्चरवाल्याकडचा कॉम्प्रेसर टायरसाठी आहे. त्याचा पूर्ण झोत नळीत सोडला तर घाण निघेल, सोबत बॉनेटखालचे दोन-तीन सांधेही निघतील आणि ते कुठं निघाले ते शोधायला तुम्हाला दिवस लागेल. सायकलचा हातपंप पुरतो. हवेवरून आठवलं, १९६० च्या दशकातल्या फोक्सवॅगन बीटलमध्ये काचेवर पाणी उडवायला मोटरच नव्हती. स्टेपनीच्या टायरमधली हवा एका नळीनं टाकीत सोडलेली असे आणि तिच्या दाबानं पाणी उडे. टायर अगदीच रिकामा होऊ नये म्हणून ठरावीक मर्यादेला झडप बंद होई. म्हणजे काच धुवायची तर आधी स्टेपनीत हवा भरा.

दोष मागं निघाला तर

बाटलीत ठिबकच आली असेल, तर नळी टाकीपर्यंत डोळ्यांनी माग काढत जा. वाटेत एक छोटी झडप असते, पाणी परत टाकीत उतरू नये म्हणून. तिच्यावर बाण असतो. साफ करून उलटी बसवलीत तर सगळं स्वच्छ, सगळं जोडलेलं आणि तरी पाणी नाही, अशी अवस्था होते. या अवस्थेत माणसं गाडी विकायला काढतात.

गाडीखाली पाणी सांडलेलं दिसलं तर नळी फाटली आहे, आणि पावसाळ्यात फाडणारा बहुधा उंदीर असतो. त्यासाठी बॉनेटमध्ये तंबाखूच्या पानांची जुडी ठेवण्याची पद्धत आहे. उंदरावर तिचा काय परिणाम होतो ते उंदीर जाणे, बॉनेट उघडणारा माणूस मात्र सणसणीत शिंकतो. कुरतडलेला तुकडा कापून मधे माशांच्या टाकीला लागते ती हवेची नळी घालता येते, तिची जाडी बऱ्याचदा जुळते. सलाइनची नळी घालणारे कारागीरही आहेत. उन्हात ती मऊ पडून वळणावर चिमटते, म्हणून ती घरी पोहोचण्यापुरती.

नळी धड असेल तर उरली टाकी. मोटर टाकीच्या तळाशी रबरी वायसरमध्ये दाबून बसवलेली असते आणि तिथं एक बारीक जाळी असते. ती जाळी म्हणजे तुमच्या गेल्या काही वर्षांच्या पाण्याची वही. मोटर काढलीत की टाकीतलं सगळं पाणी तुमच्या बाहीत येतं, म्हणून आधी टाकी रिकामी करा. जाळीवर बोट फिरवलं तर हिरवट बुळबुळीत साय लागेल, तिच्यात दोन मुंग्या, कडुनिंबाच्या पानाचा शेंडा आणि शाम्पूच्या पुडीचा त्रिकोणी कोपरा. टूथब्रशनं घासा, टाकी दोनदा विसळा, मोटर परत दाबून बसवा. जाळी मात्र फेकू नका. "जाळीमुळंच अडत होतं" म्हणून ती काढून टाकणारे कारागीर आहेत, आणि मग सगळा कचरा थेट नोझलपर्यंत जातो.

बऱ्याच गाड्यांत टाकी पुढच्या बंपरच्या मागं किंवा चाकावरच्या प्लास्टिकच्या पडद्याआड लपवलेली असते. वरून फक्त भरायचं तोंड दिसतं. तसं असेल तर इथं थांबा. घरगुती जॅकवर गाडी उचलून तिच्याखाली डोकं घालण्याइतकं वायपरचं पाणी मोलाचं नाही. गॅरेजमध्ये जा आणि "जाळी साफ करा" असं स्पष्ट सांगा. नुसतं "पाणी येत नाही" म्हणालात तर "पूर्ण असेंब्ली बदलावी लागेल" हे वाक्य तयार असतं.

नेम

पाणी आलं. आता ते कुठं पडतं ते बघायचं. गोळीचं नोझल असेल तर टाचणीच्या टोकानं गोळी केसभर फिरवा. धार वायपर फिरतो त्या भागाच्या मध्याच्या किंचित वर पडली पाहिजे, कारण वेगात वारा तिला खाली दाबतो. पसरट फवाऱ्याची नोझलं बाजूला फिरत नाहीत. काहींना वर-खाली करायचा बारीक स्क्रू असतो, तेवढाच फिरवा. गोळी उत्साहात जरा जास्त वर गेली की धार काचेला न शिवता टपावरून मागं जाते. सिग्नलला तुमच्या मागं स्कूटरवर कोण उभं असतं हे तुम्हाला ठाऊक आहे. चेहऱ्याला ओढणी, हातमोजे, डोळ्यांवर गॉगल, आणि संताप मोकळा. काच खाली करून माफी मागण्यापलीकडं त्यावर घरगुती उपाय नाही.

तेव्हा पहिली चाचणी सोसायटीतच, भिंतीकडं पाठ करून घ्या. दोन्ही नोझलं साफ करूनही एक धार मलूल राहिली तर तिच्याशी झुंजत बसू नका. नोझल हा गाडीतल्या सर्वांत स्वस्त भागांपैकी एक आहे, नवं आणा. आणि जूनच्या आधी आणा. पहिला पाऊस पडल्यावर दुकानदार सांगतो की माल संपला, पुढच्या आठवड्यात या.